बॅटरी उतरली, पण दोष कोठे?

पुण्याहून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघाले की चिंचवड ओलांडल्यावर आकुर्डी लागते. इटलीच्या पियाज्जो कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर बजाज ऑटोने पुढच्याच वर्षी येथून ‘चेतक’ ही स्कूटर बाजारात आणली. त्या स्कूटरला सुरू होण्यासाठी बॅटरी लागत नसे. त्याच आकुर्डीत २०२२ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या कारखान्यातून आज जी ‘चेतक’ बाहेर पडते, ती मात्र संपूर्णपणे बॅटरीवरच चालते.

या पन्नास वर्षांत पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण या पट्ट्यात कारखान्यांच्या जोडीने गॅरेजेही वाढली. कारखान्यांचा इतिहास कोणी ना कोणी लिहितो. गॅरेजमधल्या विचारपद्धतीचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. या लेखात आम्ही त्यातील एकाच प्रश्नाकडे पाहणार आहोत. दुचाकीची वीज गेली, तर दोष कोठे आहे हे ओळखायचे कसे?

आज सकाळी गाडी सुरू झाली नाही की ‘बॅटरी गेली’ हा निदानाचा पहिला आणि पुष्कळदा शेवटचा शब्द असतो. नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते, निदान बरोबर ठरले असे वाटते. महिन्या-दीड महिन्याने नवी बॅटरीही उतरते आणि दोष कंपनीच्या माथी जातो. खरे म्हणजे पहिल्या वेळी गाडी सुरू झाली ती नव्या बॅटरीत कारखान्यातून आलेली वीज शिल्लक होती म्हणून. मूळ दोष जागच्या जागीच होता. वीज निर्माण होते एका ठिकाणी, खर्च होते दुसऱ्या ठिकाणी, वाहते तिसऱ्या वाटेने. पण यांपैकी कशातही बिघाड झाला तरी तो दिसतो बॅटरीत. जिथे दोष दिसतो तिथेच तो असतो असे नाही, हे प्रत्येक पिढीतल्या मेकॅनिकला नव्याने शिकावे लागले आहे. कारण प्रत्येक पिढीत यंत्र बदलले.

बॅटरीवाचून चालणारे यंत्र

इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी वीज हवी. अगदी सुरुवातीच्या मोटारींत ती कोरड्या किंवा ओल्या विद्युतघटांतून घेत, आणि ते घट रस्त्यात संपत. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १८९७ मध्ये द दियों-बूतों कंपनीच्या तीनचाकी गाडीवर मॅग्नेटो बसवून दाखवला. मॅग्नेटो म्हणजे फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा सरळ उपयोग. चुंबक फिरतो, गुंडाळीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वीज निर्माण होते. इंजिन फिरत असेपर्यंत वीज आहे. साठवण्याचा प्रश्नच नाही.

मोटारींनी पुढे मॅग्नेटो सोडला. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅकवर आला आणि मोटारीला मोठी बॅटरी आवश्यकच झाली. दुचाकी मात्र लाथेने, म्हणजे किकने, सुरू करता येत होती. त्यामुळे स्वस्त दुचाकीत मॅग्नेटो टिकून राहिला. आपल्याकडे चेतक आणि १९७२ मध्येच आलेली कायनेटिकची लूना ही त्याची घराघरांतली उदाहरणे.

या गाड्यांतील दोष शोधण्यासाठी उपकरण लागत नसे. ठिणगीचा प्लग काढायचा, टोपीत बसवून इंजिनाच्या धातूवर टेकवायचा आणि किक मारायची. निळसर, तडतडणारी ठिणगी आली तर वीज ठीक, दोष पेट्रोलच्या बाजूला. ठिणगी पिवळसर व क्षीण असेल तर ‘पॉइंट’ पाहायचे. संपर्कबिंदूंवर काजळी धरली असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा आणि फट पुन्हा लावायची. ही फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते आणि अनुभवी माणूस ती पात्याच्या गेजने क्षणात लावतो. ठिणगी डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते. निदानाचा सगळा पुरावा समोर असे.

तरीही या सरळ यंत्रात एक फसवी गोष्ट होती. ज्यांनी त्या काळी चेतक वापरली त्यांना ती आठवत असेल. रात्री समोरचा मोठा दिवा अचानक जाई आणि पाठोपाठ मागचा लाल दिवाही जाई. नवा मागचा दिवा लावला तर तोही थोड्याच वेळात जळे. मग ‘हल्लीचे बल्ब हलके येतात’ असा निष्कर्ष निघे.

खरे कारण असे. या गाड्यांत दिवे थेट मॅग्नेटोच्या गुंडाळीला जोडलेले असत, विभवांतर नियंत्रित करणारे वेगळे उपकरण नसे. गुंडाळी आणि दिवे यांची जोडी अशी जुळवलेली असे की सगळे दिवे लागलेले असताना मिळून त्यांना सहा व्होल्टच्या आसपास मिळावेत. मोठा दिवा गेला की विजेचा बराचसा गिऱ्हाईक कमी झाला. इंजिन त्याच वेगाने फिरते आहे, म्हणून उरलेल्या लहान दिव्यावरचे विभवांतर चढते आणि तो जळतो. मागचा दिवा हा गुन्ह्याचा बळी. गुन्हेगार शोधायचा तर समोरच्या दिव्याचा होल्डर, त्याची सैल तार किंवा चुकीच्या वॅटचा बल्ब पाहायला हवा. चांगले मेकॅनिक हे ओळखून असत. त्यांना सूत्र माहीत नसले तरी ‘मोठा बल्ब आधी बघ’ हा नियम पाठ होता.

याच गाड्यांत दिव्याचा प्रकाश ॲक्सिलरेटरबरोबर वाढे आणि चौकात गाडी थांबली की मंद होई. त्याचा अर्थही सरळ होता: दिवा थेट मॅग्नेटोवर आहे. हे लक्षण लक्षात ठेवावे, पुढे त्याचा अर्थ बदलणार आहे.

सहा कप्पे, सहा साक्षीदार

वळण दाखवणारे दिवे आणि एका आवाजात वाजणारा हॉर्न आला तशी गाडी थांबलेली असतानाही वीज हवी झाली. मग ‘सेल्फ’ आला. कायनेटिकने होंडाशी १९८४ मध्ये भागीदारी केली आणि तीतून आलेल्या कायनेटिक होंडाने बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर भारतीय घरांत पोहोचवली. साडी नेसलेल्या बाईला किक न मारता गाडी सुरू करता येणे ही सामाजिक दृष्टीनेही लहान गोष्ट नव्हती. त्याची किंमत म्हणजे गाडीला चिकटलेली बारा व्होल्टची बॅटरी.

ही बॅटरी तत्त्वतः फार जुनी. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युतघट केला. कामिय फोरने १८८१ च्या सुमारास पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि हा घट कारखान्यात बनवण्याजोगा झाला. आपल्या परिसरात हा उद्योग आला तो १९६९ मध्ये. आज एक्साइड इंडस्ट्रीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने आपला दुसरा कारखाना चिंचवडला सुरू केला. पहिला बंगालमध्ये शामनगरला होता. त्यामुळे स्कूटर आणि बॅटरी या दोन्ही गोष्टी काही किलोमीटरच्या अंतरात बनू लागल्या.

बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा एका पत्र्यावरचे शिसे आणि दुसऱ्यावरचे शिशाचे डायऑक्साइड या दोहोंचे शिशाच्या सल्फेटात रूपांतर होते. गंधकाम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. हे समीकरण शिक्षकांना परिचित आहे. त्यातली गंमत अशी की या बॅटरीत आम्ल हे केवळ माध्यम नाही, ते स्वतः इंधनासारखे खर्च होते. म्हणून द्रवाची घनता मोजली की बॅटरीत किती वीज शिल्लक आहे ते कळते. पूर्ण भरलेल्या घटात विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असते आणि उतरलेल्या घटात १.१५ च्या खाली जाते. हे मोजणारा हायड्रोमीटर म्हणजे दुधाच्या लॅक्टोमीटरचाच भाऊ. काचेची नळी, रबरी फुगा आणि आत तरंगणारा काटा. मागे आर्किमिडीजचे तत्त्व, पुढे गॅरेजचे बाकडे.

या साध्या नळीने जे निदान होत असे त्याचे आम्हाला आजही कौतुक वाटते. बारा व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र झाकण असे. मेकॅनिक सहाही कप्प्यांतले माप घेई. पाच कप्पे १.२५ च्या आसपास आणि एकच १.१० असेल, तर त्या एका कप्प्यात पत्रे एकमेकांना टेकले आहेत किंवा पत्र्यांवरचा लेप गळून तळाशी साचला आहे. येथे बॅटरीच दोषी. सहाही कप्पे सारखेच उतरलेले, सगळे १.१५ च्या आसपास, तर बॅटरी निरोगी आहे पण उपाशी आहे. तिला पुरेशी वीज मिळत नाही किंवा कोणीतरी ती चोरून पीत आहे. आणि सहाही कप्प्यांत पाणी वारंवार कमी होत असेल, पत्र्यांच्या कडा उघड्या पडत असतील, तर तिला गरजेपेक्षा जास्त वीज मिळते आहे; जादा विजेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जात आहेत.

सहा साक्षीदारांची एकमेकांशी तुलना करूनच आरोपी ठरवायचा ही पद्धत कोणत्याही प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे. एकट्या मापाला येथे किंमत नव्हती. बॅटरीचे कवच दुधी, अर्धपारदर्शक असे. त्यावर द्रवाच्या कमाल व किमान पातळीच्या रेषा असत, पत्र्यांवर धरलेला पांढरा थर दिसे. पांढरा थर म्हणजे दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत राहिल्याने शिशाच्या सल्फेटाचे मोठे, कठीण स्फटिक झालेले. ते वीज नीट वाहू देत नाहीत आणि नंतर कितीही ‘चार्जिंगला लावले’ तरी पूर्णपणे परतत नाहीत.

न दिसणारा अर्धा भाग

बॅटरी भरायची तर मॅग्नेटोची उलटसुलट वाहणारी प्रत्यावर्ती धारा चालत नाही. एकाच दिशेने वाहणारी दिष्ट धारा लागते. सुरुवातीच्या व्यवस्थेत एकच डायोड असे. तो लाटेचा अर्धा भाग पुढे जाऊ देई आणि अर्धा अडवी. अर्धी लाट म्हणजे अर्धी कमाई. मोठा दिवा वेगळ्या गुंडाळीवर थेट एसीने चाले. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा बॅटरीवर. जुन्या माहितीपत्रकांत ‘बारा व्होल्ट एसी-डीसी’ असे लिहिलेले असे, त्याचा अर्थ हा.

पुढची अडचण नियंत्रणाची. दुचाकीतला चुंबक कायमचा असतो, त्याची शक्ती कमी-जास्त करता येत नाही. इंजिन वेगाने फिरले की वीज वाढणारच. मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकाच्या जागी गुंडाळी असते आणि तिच्यातला प्रवाह कमी करून उत्पादन आटोक्यात ठेवता येते. दुचाकीत ती सोय नाही. ब्रिटिश मोटरसायकलींवर १९६० च्या दशकात लुकास कंपनीने मोठा झेनर डायोड बसवून जादा वीज उष्णतेच्या रूपात उडवून दिली. पुढे थायरिस्टरने तेच काम केले: बॅटरी चौदा-साडेचौदा व्होल्टपर्यंत भरली की गुंडाळीची टोके सरळ एकमेकांना जोडून टाकायची. यालाच गॅरेजमध्ये ‘आरआर युनिट’ म्हणतात.

यातून निघणारी गोष्ट विद्यार्थ्यांना विचारून पाहावी. दिवे बंद ठेवून महामार्गावर वेगाने जाणारी गाडी आणि दिवे लावून जाणारी गाडी, यांपैकी कोणत्या गाडीचे नियंत्रक जास्त तापेल? बहुतेकांचे उत्तर ‘दिवे लावलेली’ असे येते. खरे उत्तर उलट आहे. दिव्यांनी न घेतलेली वीज नियंत्रकातूनच फिरवावी लागते. म्हणून ज्या नियंत्रकाच्या पंख्यांवर चिखल बसला आहे किंवा जो हवा लागणार नाही अशा कोपऱ्यात बसवला आहे, तो लवकर मरतो. तो दोन प्रकारे मरतो. एका प्रकारात बॅटरीला वीजच मिळत नाही. दुसऱ्यात विभवांतर मोकाट सुटते, सोळा-सतरा व्होल्टपर्यंत जाते, आणि बॅटरी उकळते. दोन्ही प्रकारांत गिऱ्हाईक म्हणतो ते एकच: बॅटरी गेली.

या न दिसणाऱ्या भागाचा हिशेब दाखवणारे एक उपकरण एका गाडीवर मात्र दिमाखात असे. बुलेटच्या हॅन्डलाखालच्या नाकाडावर बसवलेला छोटा अँमीटर. काटा उजवीकडे म्हणजे बॅटरी भरते आहे, डावीकडे म्हणजे खर्च होते आहे. चालकाला चालता चालता जमाखर्च दिसे. तो काटा गेला आणि त्याच्या जागी लाल दिवे आले, याचे आम्हाला थोडे वाईट वाटते.

बंद पेटी

चाकणच्या कारखान्यात तयार झालेली बजाजची पल्सर २००१ मध्ये बाजारात आली. त्यानंतरच्या दशकात मोटरसायकलींच्या विद्युत व्यवस्थेत दोन बदल जवळजवळ एकत्र झाले. पहिला ‘पूर्ण डीसी’चा. मोठा दिवाही बॅटरीवर आला. अर्धी लाट वाया घालवणे परवडेना, पूर्ण लाट वापरणारी आणि मोठ्या गाड्यांत तीन गुंडाळ्यांची व्यवस्था आली. दुसरा बदल बॅटरीत. झाकणे गेली. द्रव काचतंतूंच्या मऊ थरात शोषून ठेवलेला, कवच काळे आणि सीलबंद. धन पत्र्यावर निघालेला ऑक्सिजन आतच ऋण पत्र्यापर्यंत पोहोचून पुन्हा पाणी होतो, म्हणून पाणी घालावे लागत नाही. वापरणाऱ्याची मोठी सोय झाली. आम्ल ठिबकून सायलेन्सर आणि पँट दोन्ही खराब होणे थांबले.

पण हायड्रोमीटरला आत जायला वाट उरली नाही. सहा साक्षीदारांची तोंडे बंद झाली. बाहेर दोन टोके उरली आणि त्यांच्यातले एकच विभवांतर. आणि दिव्याच्या त्या जुन्या लक्षणाचाही अर्थ बदलला. पूर्ण डीसी गाडीत थांबल्यावर दिवा ठळकपणे मंद होत असेल तर ते आता यंत्राचे स्वरूप राहिले नाही, दोषाचे चिन्ह झाले.

याच काळात स्वस्त डिजिटल मल्टिमीटर प्रत्येक गॅरेजमध्ये पोहोचला. आणि त्याच्याबरोबर एक नवी चूक पोहोचली. मेकॅनिक बॅटरीच्या टोकांना मीटर लावतो, १२.५ व्होल्ट दिसतात, ‘बॅटरी चांगली आहे’ म्हणतो. बटण दाबले की फक्त टकटक आवाज येतो.

बारावीच्या पुस्तकातले विद्युतचालक बल, अग्र विभवांतर आणि अंतर्गत रोध हे प्रकरण येथे जिवंत होते. मल्टिमीटर बॅटरीकडून जवळजवळ काहीच मागत नाही. ज्याच्याकडे काही मागितले नाही त्याच्या ऐपतीचा अंदाज कसा येणार? म्हणून टोकांना मीटर तसाच ठेवून ३५ वॅटचा दिवा जोडावा. सुमारे तीन अँपिअर धारा वाहते. समजा वाचन १२.५ वरून ११.३ वर आले. १.२ व्होल्टची घट भागिले तीन अँपिअर, म्हणजे अंतर्गत रोध ०.४ ओहम. आता स्टार्टरला साठ अँपिअर हवे आहेत असे धरू. ०.४ गुणिले ६० म्हणजे २४ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडायला हवेत आणि तिच्याकडे आहेत बाराच. ही बॅटरी स्टार्टर फिरवणे अशक्य. निरोगी बॅटरीचा रोध ०.०३ ओहमच्या आसपास असेल तर तेथे १.८ व्होल्टच खर्ची पडतात आणि स्टार्टरला जवळपास पावणेअकरा व्होल्ट मिळतात. हा प्रयोग शाळेत भंगारातली बॅटरी, एक मल्टिमीटर आणि गाडीचा एक बल्ब यांवर सहज करता येतो. मात्र तारा टेकवताना ठिणगी टाळावी आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो.

हीच परीक्षा तारांनाही लागू पडते. बॅटरीच्या टोकावर हिरवट-पांढरी पूड धरली की तेथे एक दशांश ओहमहूनही कमी रोध तयार होतो. मल्टिमीटरच्या ओहम मापनात तो दिसतही नाही. पण ०.०५ ओहममधून साठ अँपिअर जाताना तीन व्होल्ट गळतात. म्हणून जुनी माणसे ओहम मोजत बसत नाहीत. बटण दाबून ठेवतात आणि मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या टोकावर, दुसरी त्याच टोकाला जोडलेल्या तारेवर ठेवतात. तेथे शून्याच्या जवळपास दिसायला हवे. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी दोष सापडला. दहा रुपयांचा पॉलिश पेपर आणि थोडे व्हॅसलीन एवढ्यावर काम होते.

मग इंजिन सुरू करून मध्यम वेगावर पुन्हा टोकांवर मोजायचे. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. बॅटरीइतकेच, म्हणजे साडेबाराच्या आसपास, दिसले तर मागे जायचे: नियंत्रक की गुंडाळी? नियंत्रकाचा जोड सोडवून गुंडाळीच्या तीन तारांमधील एसी विभवांतर दोन-दोन करून मोजतात. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे असायला हवेत. एक वेगळा आला तर ती गुंडाळी जळली. येथे पुन्हा हायड्रोमीटरचीच युक्ती आहे, एका आकड्याकडे न पाहता आकडे एकमेकांशी ताडून पाहण्याची.

राहिला चोरून पिणारा. ब्रेकच्या पॅडलचा स्विच चुकीचा लागला असेल तर मागचा २१ वॅटचा दिवा दिवसभर जळत राहतो आणि चालकाला तो दिसत नाही. पावणेदोन अँपिअर तिकडे जातात. निगडीहून भोसरीला पाळीसाठी जाणारा कामगार सिग्नलवर थांबत-थांबत जातो. इंजिन मंद गतीवर असताना निर्मिती आधीच कमी, त्यात हा खर्च. हिशेब रोज थोडा तोट्यात. गाडी बंद असतानाही चोरी होते. नंतर बसवलेला अलार्म किंवा मागोवा घेणारे उपकरण पन्नास मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले. नऊ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत अर्धी रिकामी. सेल्फला मात्र लोक उगाच घाबरतात. साठ अँपिअर दोन सेकंद म्हणजे १२० कूलोम. बॅटरीला निव्वळ एक अँपिअर मिळत असेल तर दोन-अडीच मिनिटांत तो खर्च भरून निघतो.

चुकीच्या निदानाची किंमत

एका दुचाकीच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. चांगली बॅटरी चुकीच्या निदानाने काढली गेली तर गिऱ्हाइकाचे हजार-दीड हजार रुपये जातात, पण गोष्ट तेथे संपत नाही. जुन्या बॅटरीला भंगारात भाव असतो, म्हणून ती कधी वाया जात नाही. ती कोठे जाते एवढाच प्रश्न आहे. अधिकृत कारखान्यात गेली तर शिसे शुद्ध होऊन पुन्हा बॅटरीत येते. उघड्यावर फोडली गेली तर आम्ल गटारात, शिशाची धूळ आणि धूर आसपासच्या घरांत. मुलांच्या शरीरात शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे आज वैद्यकशास्त्र मानते. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याने परत घ्याव्यात असा नियम २००१ मध्ये आला आणि २०२२ च्या नव्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी वाढवली. नियम काढून टाकलेल्या बॅटरीसाठी आहेत. काढायला नको होती अशा बॅटरीसाठी गॅरेजमधला माणूस आणि त्याचा मल्टिमीटर एवढेच आहे.

आणि त्या माणसाचे काम अवघड होत गेले आहे. चाकणमध्येच तयार झालेल्या २०१२ सालच्या ड्यूक २०० ला किक नव्हतीच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा समोरचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत जळता ठेवणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर जाऊन विजेवर चालणारा पेट्रोल पंप आणि इंजेक्टर आले. आता बॅटरी पूर्ण उतरली तर धक्का मारूनही उपयोग होईलच असे नाही. पेट्रोलच पुढे जात नाही. योगायोग असा की त्याच्या आदल्या आठवड्यात, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी लागली. ऐन उन्हाळ्यात गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या. उष्णतेत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो, उतरलेल्या अवस्थेत सल्फेटाचे स्फटिक मोठे होतात, आणि हा इतिहासाचा धडा त्या वर्षी पुष्कळांना एकदम मिळाला.

नव्या गाड्यांत दोष स्वतः नोंदवणारा संगणक असतो. एप्रिल २०२३ पासून त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे नियम आले. तो ‘विभवांतर कमी’ असा संकेतांक देतो. का कमी, ते सांगत नाही. टोकावरची पूड, ब्रेकचा स्विच आणि जळालेली गुंडाळी हे तिन्ही त्याला एकसारखेच दिसतात.

विजेवरची चेतक जानेवारी २०२० मध्ये पुणे आणि बंगळूरमध्ये विकली जाऊ लागली, तेव्हा तिच्यात सुमारे तीन किलोवॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी होती. पल्सरच्या नऊ अँपिअर-तासांच्या बॅटरीत याचा अठ्ठाविसावा भाग मावतो. लिथियम बॅटरीचे विभवांतर बराच काळ जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे केवळ बाहेरून व्होल्ट मोजून आत किती शिल्लक आहे ते कळत नाही. आत शिरलेली आणि बाहेर पडलेली प्रत्येक कूलोम मोजून जमाखर्च ठेवावा लागतो, बुलेटच्या काट्याने जे ढोबळपणे केले तेच अचूकपणे. शिवाय या पेटीत ओळीने जोडलेल्या घटांपैकी सर्वांत दुबळा घट संपला की सगळी बॅटरी थांबवावी लागते. म्हणून तिच्यावर देखरेख करणारा संगणक प्रत्येक घटसमूहाचे विभवांतर वेगळे वाचतो आणि शेजाऱ्यांशी ताडून पाहतो. पाच सारखे आणि एक वेगळा, की सगळेच खाली. प्रश्न तोच आहे. फक्त हायड्रोमीटरची नळी कोणाच्याही खिशात मावत असे, आणि हे आकडे वाचण्याचे साधन कंपनीच्या सेवाकेंद्रात असते.